कॉलरीतले तीन लाल टाके

तिला नाव होतं, पण शाळेतल्या पोरांनी ते कधीच मोडीत काढलं होतं. गळ्यात मापाची टेप सदानकदा लोंबत असायची, म्हणून ती टेपमावशी. तिच्या नवऱ्याला सुद्धा पोरं टेपकाका म्हणायची. तो बिचारा पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम करायचा आणि त्यानं आयुष्यात टेपेला हात लावला नव्हता.

शाळेच्या फाटकासमोरच्या गल्लीत तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली. दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, आणि भिंतीवर असा आरसा की माणूस त्यात गुडघ्यांच्या वरच दिसायचा. त्या खोलीत बसून तिनं बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. पोरगं उंबरठ्यातून आत आलं की तिच्या डोक्यात आकडे मांडले जायचे: छाती ब्याऐंशी, बाही छप्पन्न. टेप लावायची ती फक्त सोबत आलेल्या आईच्या समाधानासाठी. वाढत्या अंगाची पोरं, म्हणून बाहीच्या टोकाला चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची. एकाच्या जागी दोन वर्षं शर्ट चालायचा. नवरा म्हणायचा, जगातली ही एकच शिंपीण जी गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून झटते.

त्या वर्षी शेवटच्या दोन वर्गांतल्या मुलांनी शाळेला अर्ज दिला. लहान मुलांना गणवेश असू द्या, पण आम्ही सोळा-सतरा वर्षांचे आहोत, आम्हाला आमचे कपडे घालू द्या. खाली एकशे तीस सह्या होत्या. पहिली सही टेपमावशीच्या लेकीची.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," नवरा म्हणाला, आणि लगेच हात वर केले. "घरात दोन पक्ष झालेत. मी अपक्ष."

आठवडाभर मायलेकींचं जेवताना हेच चालू. लेकीचं म्हणणं, पुढच्या वर्षी काय शिकायचं, कुठे जायचं, कसं जगायचं हे आम्ही ठरवायचं, आणि या वर्षी शर्टाचा रंग ठरवायची अक्कल नाही म्हणता, हे कसं? आईचं म्हणणं, ज्याच्या कपाटात चार कपडे आहेत त्याला हे सुचतं. ज्याच्याकडे दोनच आहेत, त्यानं रोज वर्गात काय घालून बसायचं? शेवटच्या दोन वर्गांचे शर्ट गेले की तिचं निम्मं काम जाणार होतं, हे खोटं नाही. पण तिला खरंच वाटायचं की आपण शर्ट शिवत नाही, झाकण शिवतो. एकदा ते अंगावर चढलं की कोणाचं घर कसं आहे ते कोणाला दिसत नाही. तसं तिनं एका रात्रीच्या जेवणाला बोलून दाखवलं.

लेक घास हातात धरून थांबली. "तुला वाटतं तेवढं झाकलं जात नाही गं, आई."

"म्हणजे?"

"काही नाही," लेक म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिका बाई स्वतः दुकानात आल्या. शनिवारी पालकांची सभा होती, त्यात मुलांनाही बोलवलं होतं, आणि हात वर करून निर्णय व्हायचा होता. बाई म्हणाल्या, माझं बोलणं म्हणजे शाळेचं बोलणं. तुमचं बोलणं लोक ऐकतील. टेपमावशीनं बावीस वर्षांत मशीनशिवाय कोणासमोर तोंड उघडलं नव्हतं. तिनं कागदी फर्म्याच्या मागच्या बाजूला चार वाक्यं लिहिली आणि बाह्या जोडता जोडता पाठ केली.

सभा शाळेच्या मोठ्या दालनात होती. खुर्च्या लहान मुलांच्या. त्यांत मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मोठ्या वर्गांतली मुलं मागच्या भिंतीला टेकून उभी होती, त्यांत तिची लेकही. टेपमावशी उभी राहिली तेव्हा टेप गळ्यातच होती. कोणीतरी हसलं, आपुलकीनंच. पहिली तीन वाक्यं बरी गेली. चौथं तिनं जरा जोरात म्हटलं.

"वर्षाला माझ्या हाताखालून चारशे शर्ट जातात. एकदा शर्ट अंगात घातला की कोणाच्या घरी काय आहे नि काय नाही, हे मलासुद्धा सांगता येत नाही."

मागच्या भिंतीशी खसखस पिकली. हे हसू मघासारखं नव्हतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेलं आणि मग एकदम थांबलं, कारण शिडी पुढे आली होती.

शिडी म्हणजे लेकीची मैत्रीण. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शिडी. दर वर्षी तिची बाही आखूड व्हायची आणि दर वर्षी टेपमावशी आतलं दुमडलेलं कापड उसवून ती लांब करून द्यायची. शिडी फार बोलायची नाही. आताही तिचा आवाज बेताचाच होता.

"मावशी, कॉलर उलटी केली की सांगता येतं," ती म्हणाली.

पालकांना काही कळलं नाही. टेपमावशीला कळलं. तिचा हात आपोआप टेपेकडे गेला आणि तिथेच राहिला.

शाळा साठेक मुलांना गणवेश फुकट द्यायची. ते शर्ट दुकानात मिळायचे नाहीत. त्यांचा गठ्ठा गुपचूप शाळेच्या कचेरीत जायचा आणि तिथून घरी. बाकीचे दुकानातून, पैसे देऊन. कापड एक, बेतणं एक, त्यामुळे चारशे शर्टांच्या ढिगात साठ ओळखायचे कसे? फार वर्षांपूर्वी एकदा दोन गठ्ठ्यांची सरमिसळ झाली, फुकटचा एक शर्ट दुकानातच राहिला आणि तो घ्यायला आलेल्या मुलीकडे भर गर्दीत पैसे मागितले गेले. ती मुलगी रडत गेली. त्या दिवशी टेपमावशीनं ठरवलं की अशी वेळ पुन्हा कोणावर येऊ द्यायची नाही. तेव्हापासून फुकटच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरपट्टीत, आतून, मानेला लागते तिथे, ती लाल धाग्याचे तीन टाके घालायची. बाहेरून दिसत नाहीत, गठ्ठा चुकत नाही. आपल्या या युक्तीचा तिला अभिमान होता. लेक लहान होती तेव्हा तिनं ती कौतुकानं तिलाही दाखवली होती.

बाहेरून दिसत नाहीत हे खरं होतं. पण खेळाच्या तासाला मुलं-मुली कपडे बदलून शर्ट खुंटीला अडकवतात, आणि खुंटीला शर्ट कॉलरीनंच अडकवला जातो.

मागच्या भिंतीशी उभ्या एका मुलानं सांगून टाकलं की पोरं त्या टाक्यांना सिग्नल म्हणतात. लाल सिग्नल लागला, थांबा, अंतर ठेवा. मुख्याध्यापिका बाईंनी सभा घाईघाईनं पुढे नेली. हात वर झाले, मोजले गेले. पालक जास्त होते, गणवेश राहिला. बाहेर पडताना चार जणांनी टेपमावशीचं अभिनंदन केलं.

तिला मात्र एक गोष्ट आठवत होती. मागच्या वर्षी शिडी बाही वाढवायला शर्ट घेऊन आली होती. कॉलर पाहिली तर लाल टाके गायब. आपलंच काम कच्चं राहिलं असं वाटून टेपमावशी ओशाळली होती. तिनं नवा दुहेरी धागा ओवला, तीन टाके पुन्हा घातले आणि मागून गाठ मारली. शर्ट देताना वर म्हणालीही होती की टाका सुटला होता, आता पक्का करून दिलाय, जन्मात निघायचा नाही. शिडीनं शर्ट घेतला होता, बरं म्हणाली होती आणि गेली होती.

आणि शिडी एकटी नव्हती. तीन-चार वर्षांत असे टाके सुटलेले किती शर्ट दुरुस्तीला आले होते ते तिला मोजता येईना. सगळे तिनं पक्के करून दिले होते.

घरी आल्यावर तिनं लेकीला विचारलं. "पोरं त्याला सिग्नल म्हणतात, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता. "तुझी युक्ती होती ती. आणि शिडीनं शपथ घातली होती. म्हटलं, गणवेशच गेला तर टाकेही जातील, तुला कळायचंही नाही. म्हणून तर अर्ज केला."

त्या दिवशी सगळ्यांची पानं अपक्षानंच वाढली.

सोमवारी टेपमावशीनं दुकानाच्या दाराला पाटी लावली: जुन्या शर्टांच्या कॉलरी मोफत नीट करून मिळतील. दिवसभर ती दाराकडे बघत बसली. कोणी आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शाळा सुटली की मुलं गल्लीतून जायची, पाटी वाचायची आणि पावलं उचलायची. गुरुवारी लेकीनंच पाटी काढून आत ठेवली. जो ही पायरी चढेल तो सगळ्यांना दिसणारच की, ती म्हणाली. टेपमावशीनं कपाळावर हात मारून घेतला. एकदा खड्ड्यात पडून तिनं पुन्हा तोच खणला होता.

नव्या शर्टांना लाल धागा लागणार नव्हता हे तिनं ठरवलं होतं. साठ मापं तिला तोंडपाठ होती. गठ्ठा डोक्यातच ठेवायचा. पण जे शर्ट मुलांच्या अंगावर फिरत होते, त्यांचं काय करायचं?

पुढच्या शनिवारी भर दुपारी, गल्ली रिकामी असताना, शिडी आली. अंगावर कोपरात विटलेला घरचा सदरा, हातात पिशवी, पिशवीत शर्ट. लेक टेबलाशी बसून बटणांची काजं कापत होती. ती उठून उभी राहिली. टेपमावशीनं पिशवीसाठी हात पुढे केला. शिडीनं पिशवी दिली नाही.

"उसवणी द्या. मी काढते," ती म्हणाली.

टेपमावशीनं खणातून उसवायचं हत्यार काढून दिलं. शिडी स्टुलावर बसली, कॉलर उलटी करून मांडीवर घेतली. पहिले दोन टाके निघाले. तिसऱ्यापाशी गाठ होती. ती निघेना. टेपमावशीची बोटं शिवशिवत होती, पण ती हात मांडीखाली घेऊन बसली.

"अर्जावर तू सही केली होतीस ना गं?" लेकीनं विचारलं.

"नाही."

"पण मी तर तुझ्यासाठी..."

"मला माहितेय," शिडी मान वर न करता म्हणाली. "गणवेश गेला असता तर मी रोज काय घातलं असतं? हा सदरा? टाके निदान कॉलरीच्या आत होते. हा तर सगळ्यांना समोरूनच दिसला असता. मला गणवेश नको नव्हता गं. टाके नको होते. तुम्ही दोघींनी मला विचारलं कधी?"

लेक पुन्हा टेबलाशी बसली. टेपमावशीकडे बोलायला शब्द होते, पण एकही मापाचा नव्हता. मला माफ कर, असं ती शेवटी म्हणाली, इतक्या हळू की शिडीनं ते ऐकलं की नाही कळलं नाही.

गाठ सुटली. शिडीनं लाल धाग्याचे तुकडे चिमटीत धरून टेबलावर ठेवले. कॉलरपट्टीवर भोकं राहिली होती. टेपमावशीनं मग शर्ट मागून घेतला, बोट पाण्यात बुडवून ती जागा ओली केली आणि नखानं कापड आडवं-उभं घासलं. असं केलं की विणीतले धागे जागेवर सरकतात आणि सुईचं भोक बुजतं; हे तिनं हजार वेळा केलं होतं. पहिल्या दोन टाक्यांची भोकं बुजली. तिसऱ्याची बुजेनात. तिथे तिनं दुहेरी धागा घातला होता, गाठ मारली होती, आणि कापड कायमचं कापलं गेलं होतं.

"राहू दे, मावशी," शिडी म्हणाली.

टेपमावशी घासत राहिली.