नारळावर दिलेला आवाज

महाप्यातील एका लहान कंपनीत मी संगणकावरील खेळांच्या ध्वनीचे काम पाहत असे. आमच्या एका खेळात खाडीतून होडी हाकायची, खारफुटी चुकवायची आणि अंधारापूर्वी काठ गाठायचा, इतकेच होते. होडी काठाला लागली की एका बाईची हाक येई: "होरी लाव रं पोरा, भाकर निवली." खेळ चालला तो त्या हाकेमुळे, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

हाक खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या एका मासळी विकणाऱ्या कोळणीची. ध्वनिमुद्रणापूर्वी मी परवानगीचा कागद पुढे केला. तिने तो पाहिलाही नाही. होडीच्या टोकावर नारळ ठेवला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दिला आवाज. आता कागुद कशाला? मी काय पलून चालले?" भोवतीच्या बायका हसल्या. नारळावर दिलेला शब्द पुन्हा कागदावर मागणे म्हणजे तिथे माणसाला खोटे ठरवणे. मी कागद घडी करून खिशात ठेवला. ती चूक माझी.

पुढे कंपनी बंद पडली, खेळाचे हक्क विकले गेले. बाईही वारली. यंदा नव्या मालकांनी तोच खेळ मोबाईलवर आणण्याचे जाहीर केले. मी दिवाळ्याच्या धक्क्यावर जाऊन तिच्या मुलीला सांगितले. ती बोंबील वाळत घालत होती.

"म्हंजे फोनमदी आईस बोलंल?" तिने विचारले. आईला ती आईसच म्हणे. तिच्याकडे आईचा एक फोटो आहे. आवाज कुठेच नाही. माझ्याकडची त्या खेळाची सीडी दमट हवेने केव्हाच खाल्ली.

"बोलेल," मी म्हणालो. इतके बोलायला नको होते.

महिन्याभराने मालकांच्या वकीलबाईंचा फोन आला. "सर, हाक ज्यांची आहे त्यांची सही फाइलमध्ये सापडत नाही."

"त्यांनी नारळावर शब्द दिला होता."

पलीकडे कागद चाळले गेले. "सर, आमच्या यादीत तसा रकाना नाही."

मुलगी सही करायला तयार होती. ते पुरेसे नव्हते. सर्व वारसांच्या सह्या हव्या होत्या. तिचा भाऊ जहाजावर, कोणत्या समुद्रात ते घरालाही ठाऊक नाही. मुदत संपली आणि हाक कापली गेली. मी लिहिले की खेळात नको तर नको, ध्वनिफितीची एक प्रत मुलीला द्या. उत्तर आले: मालकी सिद्ध न झालेली ध्वनिफीत बाहेर देता येत नाही. जे आपले आहे असे ते सिद्ध करू शकत नाहीत, ते कुलूप लावून ठेवण्याचा अधिकार मात्र त्यांना आहे. जिच्या आईचा तो आवाज, तिला नाही. याला ते कायदा म्हणतात. मी याला दुसरा शब्द वापरतो. तो इथे लिहिण्याजोगा नाही.

खेळ आला. मुलीने बोलावून घेतले, म्हणून गेलो. तिने माझ्या फोनवर होडी नेली. हात सराईत, एकदाही खारफुटीला लागली नाही. होडी काठाला टेकली. एक घंटी वाजली.

तिने फोन कानाशी धरला. मग फोन परत देत म्हणाली, "आईस नाय म्हनाली नवती, काका. तुमी तर होता तितं."

त्याच दिवशी मी मालकांना लिहिले की ज्यातून ती हाक काढली त्या खेळाच्या श्रेयनामावलीत माझे नाव ठेवू नये. उत्तर दोन ओळींचे आले. नोकरीला लागताना केलेल्या करारान्वये माझे काम आणि नाव वापरण्याचा हक्क त्यांच्याकडे कायमचा आहे. सोबत कराराची प्रत जोडली होती. प्रत्येक पानावर माझी सही होती, स्वच्छ आणि वाचता येईल अशी.