नाडी

शेजारीण दारात बसून नवऱ्याच्या हाताला तेल चोळायची, तो "आई आई गं" करायचा, आणि इकडं माझा जळफळाट व्हायचा. हसू नका, खरं सांगते.

दोघींचे नवरे एकाच फौंड्रीत. तिच्या नवऱ्याची दोन बोटं गेली. आमच्या ह्यांचा अख्खा उजवा पंजा लोखंडी पेटीखाली चेंगरला. पण अपंगत्वाची पेन्शन तिला चालू झाली आणि आमचा दावा नामंजूर! पेन्शन आणायला जाताना ती आमच्या दारावरनं हाक मारायची, "वैनी, बँकेत चाललोय, काय आणायचं हाय का बाजारातनं?" अंगाची नुसती आग व्हायची.

आता चूक कुणाची म्हणाल, तर आमच्या पैलवानाची. तपासणीला दोघं एकदमच गेलते. शेजारी दारातनंच कण्हत आत शिरला. आमचे तालमीत वाढलेले. डॉक्टरांनी विचारलं, "हात उचलता येतो का?" हे म्हणाले, "न उचलायला काय झालंय? उचलतो की!" आणि उचलला खांद्याच्या वर. बोटं मिटत नाहीत, हे सांगायला जीभ रेटली नाही. झालं! कामाला लायक म्हणून कागद आला.

घरातली गत मला ठाऊक. यांच्या लेंग्याची नाडी मी बांधायची, रोज, दाराला कडी घालून. पोरांनाही पत्ता नव्हता. वकिलांनी कोर्टात अपील केलं आणि मला साक्षीला बोलावलं, तेव्हा यांनी दम भरला, "घरातलं चव्हाट्यावर आणायचं न्हाय. सांगून ठेवतो."

कोर्टात शेजारी-शेजारीणही आलेली. ती तिथंही त्याचा हात मांडीवर घेऊन बसलेली! पेन्शन राहू दे बाजूला, माझ्या माणसानं कधी चारचौघांत हात पुढं केला नव्हता माझ्याकडं.

जज्जसाहेब म्हणाले, "बाई, कागदावर तर हात उचलतात असं आहे."

"हात उचलत्यात साहेब," मी म्हटलं, "पण लेंग्याची नाडी मी बांधते. अपघात झाल्यापासनं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला, तरी तोंड फुगलेलंच.

पहिली पेन्शन आणायला जायच्या दिवशी नेहमीप्रमाणं मी दाराला कडी घालायला गेले. बाहेर शेजारीण तयार होऊन उभी होती, सोबत यायला.

"दार ऱ्हाऊ दे उघडं," हे म्हणाले. दोन्ही हात वर धरून माझ्यासमोर उभे राहिले. "बांध की. आता कोण परकं हाय?"