चिमणीचा जबाब

निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या परंड्यातल्या कचेऱ्यांत उर्दूच्या जागी मराठी आली. वडील पोलीस ठाण्यात कारकून. शिक्षण सगळं उर्दूत, मराठी बोलण्यापुरती. मराठीत पंचनामा लिहून धाराशिवच्या साहेबांना दाखवायचा, नाही जमला तर नोकरी जाणार, असा हुकूम निघाला.

सरावाला गुन्हा कुठून आणायचा? मी तिसरीत होते आणि माझ्याकडे गुन्ह्यांचा तोटा नव्हता. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, ते प्रकरण मी दाखल केलं. संशयित चिमणी, कारण तिनं दार उघडलं नाही. बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, ही तिची कारणं मला कधीच पटली नव्हती. वडील मन लावून लिहीत : 'घटनास्थळी शेण मिळून आले. मेण मिळून आले नाही.' ते 'मुलजिम' लिहायचे, मी खोडून 'आरोपी' करायची, आणि त्याचा मला भलताच माज होता. पहिली पंच लेकीकडे निघालेली म्हातारी. वाहन भोपळा, बिननंबरी. दुसरी पंच मी, सही ठसठशीत.

साहेबांना दाखवायचा पंचनामा मात्र बैलचोरीचा होता. नीरस, आणि त्यात माझी सही नाही. निघायच्या सकाळी मी पिशवीतला तो कागद काढून आमचा घातला. एसटी सुटल्यावर मला कळलं, आपण काय केलंय. आईनं तीनदा भाकरी पुढं केली, तीनदा मी ती परत सारली. वडिलांची नोकरी माझ्यामुळं जाणार होती आणि हे सांगायची माझी छाती नव्हती.

वडील संध्याकाळी परतले. साहेबांनी कागद वाचून विचारलं होतं म्हणे, कडी आतून होती हे पाहिलं कुणी? कागद बदललाय हे वडिलांना तेव्हा कळलं. मग चिमणीची बाजू घेऊन ते अर्धा तास मराठीत भांडले. खाली लाल शाईचा शेरा होता : 'भाषा ठीक. चिमणीचा जबाब नाही, तपास अपुरा.' पहिले दोन शब्द त्यांनी आईला तीनदा वाचून दाखवले.

मग चपला न काढताच कागद माझ्यापुढं ठेवला.

"पंच तू हायस न्हवं? मग पिशवीतला कागद कुणी बदलला, ते बी खाली लिव."

मी पेन्सिल जिभेवर ओली केली आणि लिहिलं : चिमणीनं.

वडिलांनी ते चष्मा लावून वाचलं. तोवर ते सही उर्दूतच करत. त्या दिवशी माझ्या ओळीखाली त्यांनी मराठीत केली.