साडूंच्या घरातले जुगारी

फुकट मिळणारी वस्तू सोडणं हा माझ्या साडूंच्या लेखी जगातला एकमेव अक्षम्य गुन्हा होता. कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर इंजिनिअर, पगार दिनारांत. पण विमानातून उतरताना साखरेच्या पुड्या खिशात, आणि शुवैखला गाडीचं तेल बदललं की रिकामा डबाही घरी. दिवाळीत आमच्याकडे पत्ते निघाले, की मात्र हे पानाला हात लावत नसत. "जुगारानं घरं बसतात," असं बजावत आमच्या चकल्या संपवत.

घरोघरी इंटरनेट आलं आणि या सत्पुरुषाला ऑनलाइन कॅसिनोचा शोध लागला. नव्या खेळाडूनं पैसे भरले, की वर तितकाच बोनस! कुवेतमध्ये जुगाराला बंदी, याची मी भीत भीत आठवण करून दिली. "जुगाराला असेल. ही सवलत आहे," साडू म्हणाले.

मुलाच्या शाळेसाठी माझी थोरली मेहुणी त्याला घेऊन पुण्याला परतली होती आणि साडू एकटे राहत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांना, शिवाय आमच्या सासूबाईंना इथं आणायचं त्यांच्या फार मनात होतं. पण तिकिटांचे भाव ऐकले, की ते पुढच्या वर्षाचं बोलायला लागत. आता त्यांनी तोड काढली: ज्याचं तिकीट त्यानंच कमवावं! तिघांच्याही नावानं त्यांनी खाती उघडली. मिसरूडही न फुटलेल्या मुलाला खात्यात एकवीस वर्षांचा केला.

बोनस हाती पडण्याआधी ठराविक डाव खेळणं भाग होतं. मी जाब्रियातल्या आमच्या घरून संध्याकाळी त्यांच्याकडे डोकावलो, की ते हात वर करत. "थांबा हो, सासूबाई खेळताहेत. त्या घाई करत नाहीत." बायकोच्या नावानं खेळताना एखादं पान जास्त मागत. "ती माझं ऐकते कुठं?" मुलाच्या खात्यासाठी खुर्ची बदलत आणि डाव संपले, की पडद्यावर ओरडत, "पुरे! अभ्यासाला बस." मी पोट धरून हसायचो. घर भरल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

पैसे काढायची वेळ आली आणि कॅसिनोचं ईमेल आलं. टेलिफोन एक, कॉम्प्युटर एक, शिवाय बोनसची अट पुरी होताच तिघेही पानं टाकून उठतात. असा निर्लोभी जुगारी त्यांनी पाहिला नव्हता. खाती बंद, बोनस रद्द.

"सासूबाई पकडल्या गेल्या!" मी म्हणालो. साडू हसले नाहीत. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. या पत्त्यावर प्रत्यक्षात एकच व्यक्ती राहत असावी, असं तिथं लिहिलं होतं.

"बरोबर आहे हो त्यांचं," ते चष्मा पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घासाघीस न करता, पूर्ण भावानं तिन्ही तिकिटं काढली. ऐकून माझी बायको घाबरलीच. "अहो, भाऊजींना ताप तर नाही ना?"

विमानतळावर सासूबाईंची ट्रॉली ढकलत एक उंच पोरगा बाहेर आला. "हाय, पप्पा!" आवाज फुटलेला, ओठावर कोवळी मिशी. साडू त्याच्याकडे बघतच राहिले.

"मी आपला याला खोटाच मोठा करत बसलो होतो," ते हळूच मला म्हणाले, "आणि हा तिकडे खरंच झाला."