क्रिस्पिनच्या दोन तारखा

क्रिस्पिन ट्रेविन माझ्या घरात राहायला आला आणि दुसऱ्याच सकाळी त्यानं स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं दोन आकडे लिहिले. दार मी आदल्या दिवशी गुडघे टेकून घासलं होतं.

"काय हो, आल्या आल्या घर रंगवायला काढलंत?" मी विचारलं.

"डावीकडची इथली तारीख, बाई. उजवीकडची घरची."

"ते कळतंय मला. पण माझ्या दारावर कशाला?"

"विसरायला नको," असं म्हणून तो जिना चढून गेला.

आता समुद्रापलीकडं, परमुलखातल्या सेंट मालोत राजाच्या बाजूचे आम्ही जे इंग्रज हरून पळून येऊन राहिलो होतो, त्यांच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की इथलं पंचांग आपल्या दहा दिवस पुढं चालतं. इथं वीस तारीख असली की घरी दहा. इथला नाताळ होऊन जायचा, शेजारपाजारचे हंस कापून, भाजून, खाऊन संपायचे, आणि मग आमचा नाताळ उगवायचा, तेव्हा बाजारात धड एक कोंबडी मिळायची नाही. आम्ही त्यावर हसायचो. हसण्यासारखं दुसरं होतं काय आमच्याकडे? क्रिस्पिन मात्र कधी हसला नाही.

माणूस कॉर्नवॉलचा, काटकुळा, बोटं कायम शाईनं काळी. सर लायोनेल म्हणजे राजाचे सल्लागार, त्यांचा हा लेखनिक. साहेब माझ्या वरच्या मोठ्या खोलीत सुजलेला पाय स्टुलावर ठेवून राजा आणि पार्लमेंटच्या यादवीचा इतिहास लिहायचे. प्रत्येक मसलतीला मी स्वतः हजर होतो, माझ्याइतकं खरं कोण लिहिणार, असं ते येईल त्याला ऐकवायचे. साहेबांचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालून गेलेली. क्रिस्पिन ते वाचायचा आणि मोत्यासारखं उतरवून काढायचा. साहेबांचं जेवण वर नेणं, पायाला फडकी बांधणं, शिव्या खाणं, हेही तोच करायचा. इतकी चाकरी मी सख्ख्या मुलाला बापाची करताना पाहिलेली नाही. मला वाटायचं, मेला मुळातच मिंधा आहे.

दर वर्षी वीस मार्चला तो जेवायचा नाही. पुन्हा दहा दिवसांनी, घरचा वीस मार्च यायचा, त्या दिवशीही नाही. चौथ्या वर्षी माझं डोकं फिरलं. मेंढीचं मटण पिठाच्या पारीत घालून पाई भाजली होती, सकाळपासून राबून. मी ताट त्याच्यासमोर आपटलं.

"माझ्या हातच्या अन्नात काय विष आहे? दोन दोन उपास कसले हे?"

त्यानं ताट हलकेच बाजूला सारलं. मग सांगू लागला.

लढाईच्या शेवटच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ पॅस्को कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पेनहॅलोची गढी राखून होता. सोबत अठरा माणसं, दारूगोळा संपत आलेला. साहेब तेव्हा इथं येऊन पोचले होते. त्यांनी इथूनच एक बोट द्यायचं ठरवलं आणि गढीला पत्र धाडलं, की वीस मार्चला कड्यावर कंदील लावा, कंदील दिसला की बोट आत येईल. साहेबांनी मसुदा केला, क्रिस्पिननं तो सुवाच्य उतरवला, पत्र गेलं. बोट इथल्या वीस तारखेला तिथं पोचली. कड्यावर काळोख. दोन रात्री वाट पाहून ती परत आली. घरी तेव्हा फक्त दहा तारीख होती. पॅस्कोनं घरच्या वीस तारखेला कंदील लावला, तीन रात्री तेवत ठेवला. तो शत्रूला दिसला. त्यांनी गढी घेतली आणि पॅस्कोला भिंतीशी उभा करून गोळी घातली.

"मसुद्यात साहेबांनी दहा लिहिलं होतं, घरच्या हिशेबानं," क्रिस्पिन म्हणाला. "मी वीस उतरवलं. इथं राहून हाताला इथली सवय लागली होती. मला काही आठवत नाही, बाई, पण साहेबांना स्पष्ट आठवतं. ते म्हणाले, तू माझ्या मुलासारखा, मी कुणाला सांगणार नाही. आणि खरंच कुणाला सांगितलं नाही."

मी पाई उचलून परत चुलीपाशी ठेवली. त्या दिवसापासून दारावरच्या खडूला मी हात लावला नाही.

साहेबांचा इतिहास रांगत रांगत त्या वर्षापर्यंत आला, तेव्हा क्रिस्पिनला माझ्या घरात दहा वर्षं झाली होती. एका दुपारी तो पान घेऊन खाली आला. ओठ पांढरे पडलेले. मला वाचून दाखवलं: पेनहॅलोचा नायक ट्रेविन पहाऱ्यावर दारू पिऊन झोपला, म्हणून मदतीची बोट रिकामी परतली.

"हे तर तिकडं तुमच्या गावात बोलतातच," मी म्हटलं. पॅस्कोच्या बायकोला, ग्रेसला, विहिरीवर बायका 'झोपाळूची बायको' म्हणतात हे इथं येणाऱ्या एका खलाशानं सांगितलं होतं.

"बोलतात ते माणसांबरोबर मरतं, बाई. हे मरणार नाही."

तो वर गेला. मी गरम पाण्याचं घमेलं घेऊन मागोमाग गेले. पाणी हे निमित्त, मला ऐकायचं होतं.

"पॅस्को झोपला नव्हता, साहेब," क्रिस्पिन म्हणत होता. "चूक माझी. माझं नाव घाला. लेखनिकानं तारीख चुकवली असं लिहा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"त्या वर्षी मी तुला काय म्हणालो होतो?"

"माफ केलं म्हणालात."

"मग आता जगभर तुझी धिंड काढू?"

"काढा. मी कुणाचा नवरा नाही, कुणाचा बाप नाही. ग्रेसला दोन मुली आहेत."

"क्रिस्पिन, मेलेल्याला लाज नसते. तुला आहे. तुला मी उघडं पाडणार नाही, तू कितीही हट्ट कर. जा, पान उतरव."

माझे डोळे भरून आले. केवढं मोठं मन, असं वाटलं मला. त्या संध्याकाळी घरातला पोसलेला कोंबडा कापून मी साहेबांना वाढला आणि वर लोणीही सोडलं. ते वाक्य क्रिस्पिनला स्वतःच्या हातानं तीन प्रतींत लिहावं लागलं. एकाही प्रतीत त्याचं अक्षर हललं नव्हतं.

पुढं नवा राजा गादीवर बसला आणि आमचे सगळे इंग्रज गाठोडी बांधून घरी पळाले. साहेब पुस्तकाची पेटी मांडीवर घेऊन बोटीत बसले. क्रिस्पिनला खोकल्यातून रक्त पडत होतं, त्याला म्हणाले, बरा हो आणि ये. मीही त्याच्यासाठीच मागं राहिले. खोटं कशाला बोलू, मला त्याची सवय झाली होती.

तो अंथरुणातून साहेबांना पत्रं लिहायचा. पुस्तक छापलं नाही तोवर वाक्य बदलता येईल, एवढाच त्याचा धोशा. चार पत्रं गेली. एकाचंही उत्तर नाही. कामात असतील, तो म्हणायचा. मीही म्हणायचे, कामात असतील.

इथल्या बारा फेब्रुवारीला सकाळी त्यानं माझा हात धरला.

"घरी गेलात तर ग्रेसला सांगा. तो जागा होता. चूक माझी होती."

"सांगेन."

"आणि दार पुसू नका."

दुपारी गेला. मी त्याच्या मापाचा कोट शिवायला घेतला होता, एक बाही राहिली होती.

दार मी पुसलं नाही. रोज सकाळी दोन्ही आकडे मीच बदलू लागले. माणसानं शेवटचं सांगितलेलं, करायला नको?

साहेब जाताना रद्दीचं एक पोतं ठेवून गेले होते, पाईच्या ताटल्यांत घालायला होईल म्हणून. कागद कोण टाकतं? दोन्ही बाजू भरल्या की तो पाईखाली जायचा. एका सकाळी मी त्यातला एक ताव काढला. एका बाजूला पायाच्या सुजेवरचा लेप लिहिला होता. फाडता फाडता उलटला, तर दुसऱ्या बाजूला 'पेनहॅलो' दिसलं.

वाचायला मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं होतं, आणि साहेबांचं अक्षर मी चौदा वर्षं वाचत आले होते. मटण कच्चं, रस्सा पाणचट, असल्या चिठ्ठ्या रोज खाली यायच्या. ही तीच कोंबडीची पावलं. पत्राचा मसुदा होता. कंदील, कडा, बोट, सगळं होतं. आणि तारीख वीस. आधी दहा लिहून खोडलेलं नाही, शाई फुटलेली नाही. सरळ, स्पष्ट वीस, साहेबांच्या हातची.

क्रिस्पिननं समोर होतं तेच उतरवलं होतं. त्याला काही आठवत नव्हतं, कारण आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

मी त्या माणसाला लोणी घालून कोंबडा वाढला होता.

पीठ लागलेल्या हातानं कागद धरून मी उभी राहिले आणि समोर दार होतं. सकाळी मीच लिहिलेले आकडे. डावीकडे वीस. उजवीकडे दहा. क्रिस्पिन इथल्या बारा तारखेला गेला. घरच्या तारखेनं बारा अजून उजाडायची होती. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की तो जायला अजून दोन दिवस होते.

मी धावत जिना चढले. "अहो क्रिस्पिन, हे बघा, चूक तुमची नव्हती," असं मोठ्यानं बोलतच त्याच्या खोलीचं दार ढकललं.

गादी गुंडाळून भिंतीशी लावलेली होती. एका बाहीचा कोट खुंटीला होता.