पेंढा भरलेली वाघीण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मागाहून चहा नाकात जातो. ही फजिती ऐकीव नाही, खास माझी स्वतःची आहे, आणि तिला साक्षीदार म्हणून अख्खं बदलापूर गाव आहे.

तर मला एक नाद होता. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला पानाचा. मला मालगाडीचा! मालगाडीत बसायचा नव्हे, मालगाडी बनवायचा. वाफेच्या इंजिनामागे धावायच्या ना, तशा जुन्या मालगाड्या मी घरी पुठ्ठ्यातून करायचो. एकेक नग वीतभर लांबीचा. रिव्हेट म्हणून टाचण्यांची डोकी. रंग गेरूचा, पण नुसत्या गेरूनं तो गंजका तांबडा रंग येत नाही. त्यात पानवाल्याकडचं काताचं पाणी घालावं लागतं. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, मी सांगतोय.

आणि नुसती गाडी हुबेहूब असून भागत नाही. आतला मालही हुबेहूब हवा! कोळसा किती उंच भरायचा, पोती आडवी की उभी, ओंडक्यांना दोर कुठून घ्यायचा. अंबरनाथला मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. संध्याकाळी स्टेशनवर मालगाडी आली की मी तिच्यातला माल बघत उभा राहायचो आणि माझी घरी जायची गाडी निघून जायची. लोक म्हणायचे, गायकवाड सटकलाय. लोकांना काय कळतंय?

आता मुद्द्याचा शब्द. मालगाडीच्या डब्याला मराठीत काय म्हणतात? वाघीण! वॅगनची झाली वाघीण. पेपरात वाचलं असेल तुम्ही, ‘कोळशाच्या तीन वाघिणी रुळावरून घसरल्या’. मी दुसरा शब्द वापरत नसे आणि दुसऱ्याला वापरू देत नसे.

“अहो, साधं डबा म्हणा ना,” आमची सुनंदा म्हणायची.

“डबा तू मला सकाळी देतेस तो. रुळावर असते ती वाघीण.”

“मग त्या वाघिणीला घेऊन दुसरीकडे संसार थाटा. मला टेबल मोकळं करून द्या.”

सगळं भांडण या टेबलाचं होतं. उल्हासनगर कॅम्प चारमधली आमची बराक, दोन खोल्या आणि टेबल एकच. टेबलावर माझं रेल्वे यार्ड आणि जमिनीवर सुनंदाचं शिलाई मशीन. ती आजूबाजूच्या बायकांची ब्लाउजं शिवायची. दिवसभर वाकून वाकून तिची पाठ धरायची आणि उठताना ती जो आवाज काढायची, तो मी इंजिनाची शिटी समजून सोडून द्यायचो.

अशात कारखान्यातल्या एका बदलापूरकरानं बातमी आणली. त्यांच्या गावातलं तरुण मंडळ हस्तकलेचं प्रदर्शन भरवतंय आणि त्यात बक्षिसं आहेत.

मी सुनंदाला म्हटलं, “बक्षीस आणलं तर?”

“तर टेबल जन्मभर तुमचं. नाही आणलं तर मशीन वर आणि वाघिणी कपाटावर. बोला.”

मी बोललो. मर्दासारखा बोललो.

मग मी माझी सर्वोत्तम वाघीण करायला घेतली. एके काळी मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना आपल्याकडून भाताचा पेंढा जायचा. दाबून बांधलेले गठ्ठे, वर ताडपत्री, कारण इंजिनाची एक ठिणगी पडली की खेळ खलास. मी ठरवलं, हाच माल भरायचा आणि पेंढा खरा वापरायचा. बदलापूरच्या शेतातून पिशवीभर आणला. आता खऱ्या पेंढ्याची काडी एवढ्याशा गाडीत बांबूसारखी दिसणार. म्हणून एकेक काडी ब्लेडनं उभी चिरली. चिरलेल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे गठ्ठे बांधले आणि मैद्याच्या खळीनं जागच्या जागी बसवले.

शेवटी पेंढा संपला आणि एक गठ्ठा कमी पडला. अगदी तळाचा, कोपऱ्यातला. परत बदलापूरला कोण जाणार? भिंतीला केरसुणी टेकलेली होती. तिच्या चार काड्या ओढल्या, चिरल्या, बांधल्या. ओळखून दाखवा म्हणावं!

“केरसुणी बारीक झाली का हो?” सुनंदानं विचारलं.

“झिजते ती,” मी म्हटलं.

आमच्याकडे फोन नव्हता. बराकीसमोर लछूभाईंचा चपलांची खोकी बनवायचा कारखाना होता. माझा सगळा पुठ्ठा तिथलाच आणि फोनही तिथलाच. प्रदर्शनाला नाव नोंदवताना मी तोच नंबर दिला होता. एका रविवारी दुपारी मंडळाच्या अध्यक्षांचा, बाळारामदादांचा फोन आला. मी रिसीव्हर घेतला.

“साहेब, तुमी काय मांडनार?”

“पेंढा भरलेली वाघीण.”

“वाघीन? पेंढा भरलेली?”

“हो.”

“खरी हाय?”

या प्रश्नानं माझी छाती फुगली. “खऱ्यात आणि हिच्यात फरक दाखवा, नाद सोडून देतो.”

“जुनी हाय का?”

“इंग्रजांच्या अमदानीतली.”

“आयला! आनि पेंढा?”

“तुमच्याच गावचा.”

“आमच्या गावचा पेंढा!” दादांचा आवाज भरून आला. “टेम्पो धाडू का साहेब?”

“टेम्पो कशाला? रिक्षानं आणतो, मांडीवर घेऊन.”

“मांडीवर?”

“माझा हात दुखला तर बायको धरेल. तिला सवय आहे.”

“वैनींना सवय हाय,” दादा स्वतःशीच पुटपुटले.

“फक्त एक करा. कुणाला हात लावू देऊ नका.”

“कोन लावतंय साहेब!”

मी फोन ठेवला. लछूभाई हातातली कात्री तशीच धरून माझ्याकडे बघत होते.

“साईं, बैरक में शेरनी रखी है? भाभी को मालूम है?”

“अहो लछूभाई, शेरनी नही. रेल्वे का डिब्बा. मराठी में उसको वाघीण बोलते.”

“और उसमें घास?”

“हां.”

“शेर भूखा मर जाएगा साईं, घास नहीं खाएगा,” एवढं बोलून ते पुन्हा पुठ्ठा कापायला लागले.

मी घरी येऊन पोट धरून हसलो. सुनंदाला सांगितलं, “लछूभाई सिंधी, त्यांना काय वाघीण कळणार! बरं झालं अध्यक्ष मराठी आहेत.”

प्रदर्शनाच्या दिवशी मी खोकं मांडीवर घेऊन बसलो, शेजारी सुनंदा. बदलापूर स्टेशनवरून रिक्षा गावाकडे निघाली आणि पहिल्याच वळणावर कापडी फलक दिसला. ‘पेंढा भरलेली वाघीण! जवळून पाहा!’

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं हा नाद केला, कुत्रं विचारत नव्हतं. आणि इथे फलक!

समोरून भोंगा लावलेली रिक्षा आली. “वाघीण पाहायला या! लहान मुलांना एकटं पाठवू नका!”

“बघितलंस?” मी सुनंदाला म्हटलं. “मुलं हात लावतात, चाकं मोडतात. किती विचार केलाय या लोकांनी!”

“अहो, मला काहीतरी वेगळंच वाटतंय,” ती म्हणाली.

“टेबल जाणार म्हणून वाटतंय.”

शाळेच्या पटांगणात ही गर्दी! बायका, म्हातारी माणसं, पार शिरगावाकडून चालत आलेली मंडळी. मधोमध एक ठेंगणा चौथरा, त्यावर लाल कापड, भोवती बांबूचं कुंपण. चौथरा बाजेएवढा होता. मला वाटलं, रूळ अंथरायला जागा ठेवली असेल. कुंपणाशी काठी घेतलेला एक माणूसही उभा होता.

बाळारामदादांनी मला नारळ दिला. मग माझ्या मागे बघितलं, माझ्या बाजूला बघितलं. “वाघीन मागनं येतेय काय?”

“ही काय, आणलीय,” मी खोकं दाखवलं.

“पिल्लू हाय?”

मला वाटलं, कौतुकानं म्हणतायत. तेवढ्यात खाकी कपड्यातले एक गृहस्थ पुढे आले. वनखात्याचे गार्ड होते.

“वाघीण तुमची? परवाना?”

“हिला परवाना लागत नाही. ही रुळावर धावत नाही.”

गार्डनी खिशातून वही काढली. “कुठे सापडली?”

“पहिल्यांदा पाहिली ती कल्याणच्या यार्डात.”

“यार्डात वाघीण?”

“एक? ओळीनं उभ्या असतात तिथे!”

“मग मारली कुणी?”

“मारली नाही हो, चिकटवली!”

आणि मी झाकण उघडलं.

पुढच्या रांगेतून जनाआजी नावाची एक म्हातारी वाकून बघायला आली. तिनं आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं.

“आगो बाय, ही तं गाडी हाय!” ती म्हणाली. एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. गार्डनी टोपी काढून डोकं पुसलं आणि बाहेरचा रस्ता धरला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाघीण. पेंढा भरलेली. अरे देवा! शिकारी मारतात, आत पेंढा भरतात आणि दिवाणखान्यात उभी करतात, तीच की ही!

“साहेब,” बाळारामदादा हळूच म्हणाले, “मी चार गावांत सांगितलंय. आता मी काय तोंड दाखवू?”

मला त्यांची दया आली, स्वतःची तर फारच आली. आणि टेबल डोळ्यांसमोर दिसायला लागलं. म्हटलं, आता माघार नाही. वाघीण चौथऱ्यावर ठेवली, ताडपत्री उलगडली, माइक हातात घेतला आणि लोकांकडे तोंड करून सुरुवात केली.

“मंडळी, शब्दकोश उघडा. हीसुद्धा वाघीणच आहे!”

कुणी हललं नाही. मी पेंढ्याचं सांगितलं, म्हशींचं सांगितलं. काही लोक निघाले. मी ठिणगीचं सांगितलं, ताडपत्रीचं सांगितलं. निघालेले लोक थांबले. मी गठ्ठे दाबायची पद्धत सांगायला लागलो आणि काय चमत्कार! लोक पुढे सरकले. टाचा उंचावून बघायला लागले. रडणारं पोर गप्प झालं. मला जोर चढला.

“एकेक काडी उभी चिरलीय मी! एकेक काडी!”

लोक हसायला लागले. आनंदानं हसतायत म्हणून मीही हसलो.

“मागं बघा!” कुणीतरी ओरडलं.

“बघणारच आहोत! मागच्या बाजूला ब्रेकचा दांडा आहे.”

“अहो, मागे बघा!” आता हा आवाज सुनंदाचा होता.

मी वळलो. चौथऱ्यावर एक शेळी उभी होती. तोंडातून माझ्या ताडपत्रीचा दोर लोंबत होता. वाघिणीत तोंड खुपसून ती शेवटच्या थरावर आली होती. खळीमुळे चव आली असणार. काठीवाला माणूस काठीवर हनुवटी टेकून बघत होता. त्याला वाघिणीजवळ माणसं येऊ द्यायची नाहीत एवढंच सांगितलेलं होतं.

बाळारामदादा अध्यक्ष झाले ते उगीच नाही. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला. “मंडळी! आख्ख्या दुनियेत वाघीन शेली खाते. आमच्या गावात शेलीनं वाघीन खाल्ली!”

टाळ्यांनी पटांगण दणाणलं. बाहेर गेलेले लोक परत आले. भोंग्याची रिक्षा नव्या मजकुरासकट पुन्हा निघाली.

संध्याकाळी बक्षिसं वाटली. प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस जनाआजीला मिळालं, कारण शेळी तिची होती. मीच दिलं. प्रमुख पाहुणे आले नव्हते, दादा म्हणाले, साहेब, तुमीच द्या.

परतताना रिक्षात सुनंदानं खोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मला वाईट वाटत होतं हो! हसताय काय? महिने घातले होते त्यात.

“एक मात्र आहे,” ती म्हणाली. “तुम्ही नेहमी म्हणता ना, खरा जाणकार मला अजून भेटला नाही. आज भेटला.”

“कोण, शेळी?”

“बघा ना,” असं म्हणून तिनं झाकण उघडलं.

वाघीण रिकामी होती. पेंढ्याचे सगळे गठ्ठे साफ. फक्त तळाच्या कोपऱ्यात एक गठ्ठा जसाच्या तसा उभा. शेळीनं तो हुंगला असेल, एकदा चाटला असेल आणि सोडून दिला असेल.

“केरसुणी झिजते, नाही का हो?” सुनंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मशीन टेबलावर चढलं आणि वाघिणी कपाटावर गेल्या. तो गठ्ठा मात्र खालीच राहिला. मशीनच्या खाचेत दोऱ्यांचा भुगा अडकतो ना, तो झटकायला सुनंदा तो वापरते. आणि खोटं कशाला बोलू? झाडतो छान.