आश्रुबाचे कान

परभणीच्या रस्त्यांखाली नळाचे पाइप कुठून कुठं गेलेत, ते एकट्या आश्रुबाला ठाऊक, असं लोक म्हणायचे. निजामाच्या अमदानीत त्यानंच चर खणून ते पुरलेले. पहारीचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि गळती कुठं आहे ते सांगून मोकळं व्हायचं. हे नाव त्याला भाकरीपेक्षा प्यारं होतं.

आणि तीन वर्षांपासून त्याचे कानच गेले होते! घरवाली धुरपदाबाई सोडून कुणाला पत्ता नाही. बाहेर तो समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून मान हलवायचा. अहो, म्हातारपणी कान जायचेच, त्यात लाज कसली? पण बहिरा ठरलो तर नळाचं खातं घरी बसवील, आणि नाव जाईल ते वेगळंच, अशी त्याला धास्ती.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आश्रुबाच्याच गल्लीत पटकी आली. फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं. पण पाइप शोधायचा कसा? नकाशे हैदराबादलाच राहिलेले. नळ बंद केला, बायाबापड्या लांबून पाणी वाहायला लागल्या. शेजारची सारजाबाई म्हणाली, "भाऊ, माझी सून दैवशाला दोन जीवांची हाय. लवकर हुडका."

दिनकरराव इंजिनियर नवं यंत्र घेऊन आले. एक डबा नळाच्या तोटीला जोडायचा, दुसरा हातात धरून, कानाला टोपणं लावून चालायचं. खाली पाइप असला की कानात गुणगुण वाढते.

"तुम्हीच धरा आश्रुबा, तुमच्याइतका जाणता कोण?" साहेब म्हणाले.

आश्रुबानं टोपणं चढवली. गल्लीत दोन खेपा घातल्या. कानात काही म्हणता काही नाही. सगळी गल्ली बघत होती. नाही म्हणायला जीभ रेटेना. शेवटी त्यानं आठवणीवरून जागा धरली, "हितं हाय," म्हणाला आणि घाईघाईनं नारळ फोडला. नारळ फुटला की जागा हलवायची नाही, हा खणणाऱ्यांचा जुना दंडक. साहेबांनीही मग यंत्र आवरून ठेवलं.

पाइप निघाला, चिरलेलासुद्धा निघाला! शिसं ओतून चीर बुजवली. नळ सुटला, पाणी नितळ आलं. आश्रुबा ताठ मानेनं म्हणाला, "प्या आता बिनघोर." सारजाबाईनं पहिला तांब्या सुनेच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी दैवशाला गेली. पोटातल्या जिवासकट गेली.

दिनकररावांनी स्वतः यंत्र फिरवलं, तेव्हा गुणगुण चार हात पलीकडं, गटाराच्या कडेनं निघाली. रझाकारांच्या धामधुमीत आश्रुबा पेडगावला सासुरवाडीत लपून होता. त्याच काळात कुणीतरी लाइन बदलली होती, आणि जुना पाइप तसाच जमिनीत मेलेला पडला होता.

"त्या दिवशी तिथं आवाज आला होता ना?" साहेबांनी विचारलं. आश्रुबानं होकाराची मान हलवली. यंत्रातच खोट असेल, असं साहेबांनी लिहून टाकलं.

त्या दिवसापासून आश्रुबाला घास गिळवेना. दहावं झाल्यावर सारजाबाई घरी आली. पदरात तोंड खुपसून, खाली मान घालून काहीतरी बोलली. ओठ दिसेनात, तेव्हा आश्रुबा नुसताच बघत राहिला. धुरपदाबाईला तिच्यापुढं रडू आवरेना. रोजच्या सवयीनं ती नवऱ्याच्या कानाशी वाकून ओरडली, "त्या म्हनायल्यात, तुमी आमच्यासाठी लय केलं!"

सारजाबाईनं पदर खाली घेतला. ती आश्रुबाच्या कानांकडं बघायला लागली.

"ह्यांना ऐकूच येत न्हाई? मंग त्या डब्याचा आवाज कसा ऐकला?"

धुरपदाबाईनं दार लोटून घेतलं.

"काय म्हनायल्यात?" आश्रुबानं विचारलं.

शेवटी सारजाबाईच उठली. त्याच्या कानाशी गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडून तिनं तेच पुन्हा विचारलं.